बाबांच्या वतीनं सही केली तर चालेल का?

पत्राचा सारांश: एका वाचक ताईंच्या ६७ वर्षांच्या वडिलांना चार वर्षांपूर्वी मल्टिपल मायलोमाचं, म्हणजे हाडांच्या मगजातून सुरू होणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचं, निदान झालं. मणका दबल्यामुळे तपासण्या झाल्या आणि आजार सापडला. इंजेक्शनं, गोळ्या, स्टेम सेल ट्रान्सप्लांट असं सगळं झालं. मधे एकदा आजार उलटला, आटोक्यात आला, आता पुन्हा उलटतोय. लाइट चेनचा (मायलोमाच्या पेशी रक्तात सोडतात त्या प्रथिनाचा) आकडा दर महिन्याला चढतोय, त्रास मात्र अजून काही नाही. डॉक्टरांनी एक ट्रायल, म्हणजे नव्या उपचाराची रुग्णांवरची चाचणी, सुचवली आहे. त्यात निम्म्या रुग्णांना बायस्पेसिफिक अँटिबॉडीचा नवा उपचार आणि निम्म्यांना सध्याची प्रचलित औषधं मिळणार, कोणाला काय हे कॉम्प्युटर ठरवणार. ताईंना ट्रायल घ्यावीशी वाटते. थोरला भाऊ म्हणतो, ‘बाबांना प्रयोगाचा उंदीर करायचं नाही.’ जुन्याच औषधांच्या गटात नाव लागलं तर एवढं करून मिळवलं काय, ही धास्ती ताईंनाही आहे. आणि खरी अडचण पुढे आहे: वडिलांना ‘कॅन्सर’ हा शब्द घरात कुणीच सांगितलेला नाही. ‘हाडं ठिसूळ करणारा रक्ताचा विकार’ एवढंच त्यांना माहीत आहे. ट्रायलच्या कागदांवर तर सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. मग त्यांच्या वतीनं मुलीनं सही केली तर चालेल का? ता. क. भावाला आधी विचारावं, की नाव नोंदवून मग सांगावं?

उत्तर:

सहीचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर छोटं आहे. नाही चालणार. ज्या प्रौढ माणसाला स्वतःचं बरंवाईट कळतं, त्याच्या ऐवजी ट्रायलच्या संमतीपत्रावर दुसऱ्या कुणाला सही करता येत नाही, मग ती पोटची मुलगी का असेना. १९६४ सालचा हेलसिंकी जाहीरनामा आणि त्यानंतर जगभर झालेले ट्रायलचे नियम याच पायावर उभे आहेत. वाचता येत नसेल तर कागद वाचून दाखवतात, ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार हजर ठेवतात. होकार मात्र रुग्णाचाच लागतो. ‘करा हो तुम्ही सही, चालतं’ असं कुणी म्हणालं, तर त्या ट्रायलपासून चार हात लांबच राहा.

या उत्तरानं तुमची अडचण सुटली नाही, उलट वाढली, हे मला कळतंय. तिच्याकडे येतेच. त्याआधी तुमच्या भावाकडे वळते, कारण त्याचं म्हणणं तुम्ही जरा घाईनं उडवून लावलंय असं मला पत्रावरून वाटलं.

‘प्रयोगाचा उंदीर’ या शब्दांत राग आहे आणि काळजीही आहे. उंदराला कुणी विचारत नाही, आणि त्याला मधेच उठून जाता येत नाही. ट्रायलमधल्या माणसाला या दोन्ही गोष्टींचा हक्क असतो. आधी सगळं समजून घ्यायचं, आणि नंतर कधीही, कारण न सांगता बाहेर पडायचं. बाहेर पडल्यावर नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. पण बाबांना आजाराचं नावच ठाऊक नसताना त्यांना ट्रायलमध्ये घातलं, तर हे दोन्ही हक्क कागदावरच राहतील. म्हणजे भावाचा शब्द तुम्हीच खरा कराल. भाऊ ट्रायलला विरोध करतोय, तुम्ही तिच्या बाजूनं आहात, आणि बाबांना विचारायचं नाही यावर मात्र तुमचं दोघांचं एकमत आहे.

भावाला हेही सांगा की बाबांनी गेली चार वर्षं जी औषधं घेतली, ती याच रस्त्यानं आली आहेत. १९९९ साली थॅलिडोमाइड ८४ मायलोमा रुग्णांना देऊन पाहिलं गेलं. पूर्वी गर्भातल्या बाळांवर भयंकर परिणाम झाल्यामुळे बदनाम झालेलं हे औषध. त्या रुग्णांवर बाकीचे उपचार हरले होते, तरी जवळपास दर तिघांपैकी एकाचं एम प्रोटीन, म्हणजे मायलोमाच्या पेशी बनवतात ते प्रथिन, उतरलं. लेनालिडोमाइड हे त्याच घराण्यातलं. बोर्टेझोमिबचा निकाल लावणारी मोठी ट्रायल ६६९ जणांची होती. तिच्यात दुसऱ्या गटाला नुसतं डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड मिळत होतं. नवं औषध सरस आहे हे मधल्या तपासणीतच दिसलं, तेव्हा तो गट थांबवून त्या रुग्णांनाही बोर्टेझोमिब देऊ केलं गेलं. अशा मोठ्या ट्रायलवर बहुधा एक वेगळी समिती नजर ठेवून असते आणि आकडे मधेच उघडून पाहण्याचा अधिकार तिला असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता तुमची स्वतःची धास्ती, ‘जुन्या’ गटाची. तुमच्या बोलण्यात एक गोष्ट धरूनच चाललेली आहे: नवं ते चांगलं, आणि चिठ्ठी जुन्याची निघाली तर नशीब फुटकं. नवं चांगलं आहे हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक असतं, तर चिठ्ठ्या टाकायची गरजच नव्हती. मायलोमात याचा कडू धडा मिळालेला आहे. व्हेनेटोक्लॅक्स या औषधाच्या ट्रायलमध्ये २९१ रुग्ण होते. सगळ्यांना बोर्टेझोमिब आणि डेक्सामेथासोन मिळत होतं; त्यावर काहींना व्हेनेटोक्लॅक्स, काहींना तसंच दिसणारं निष्क्रिय औषध. व्हेनेटोक्लॅक्स घेणाऱ्यांचा आजार जास्त काळ दबून राहिला, तरीही त्या गटात मृत्यू जास्त झाले, आणि २०१९ साली अमेरिकेच्या औषध नियामकांनी मायलोमातल्या त्याच्या ट्रायलना लगाम घातला. अकरा आणि चौदा क्रमांकाच्या गुणसूत्रांची अदलाबदल असलेल्या रुग्णांना मात्र त्याचा फायदा दिसला. तेव्हा त्या ट्रायलमध्ये ज्यांची चिठ्ठी ‘जुन्या’ची निघाली, त्यांचं नशीब फुटकं म्हणायचं का?

उलट उदाहरणंही आहेत, नाहीतर मी एकच बाजू सांगतेय असं व्हायचं. कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून, प्रयोगशाळेत बदलून त्याला परत देतात. सिल्टा-सेल या अशा उपचाराच्या ४१९ जणांच्या ट्रायलमध्ये वर्षभरानंतर आजार न वाढता राहिलेले रुग्ण नव्या गटात ७६ टक्के होते, प्रचलित औषधांच्या गटात ४९ टक्के. हा फरक मोठा आहे. पण त्याच ट्रायलच्या सुरुवातीच्या महिन्यांत मृत्यू कार-टीच्या गटात किंचित जास्त होते. काहींचा आजार पेशी तयार होऊन येण्याआधीच बळावला.

म्हणून ‘कुठल्या गटात नाव येईल’ यापेक्षा डॉक्टरांना हे विचारा: ही ट्रायल नसती, तर उद्या तुम्ही बाबांना काय दिलं असतं? त्यांचं उत्तर आणि ट्रायलमधल्या दुसऱ्या गटाचे उपचार जुळत असतील, तर ‘जुन्या’ गटात जाऊनही बाबांचं काही बुडत नाही. दुसऱ्या गटाचे उपचार त्याहून कमजोर असतील, किंवा बाबांवर आधीच निकामी ठरलेलं औषधच तिथे पुन्हा असेल, तर मात्र तुमच्या भावाचा आक्षेप वेगळ्या कारणानं का होईना, बरोबर आहे. दुसरा गट मुद्दाम लेचापेचा ठेवायचा आणि नवं औषध चमकवायचं, अशी टीका मायलोमाच्या ट्रायलवर याच क्षेत्रातल्या डॉक्टरांनी केलेली आहे. आणि हेही विचारा की दुसऱ्या गटात आजार वाढला, तर पुढे नवं औषध मिळायची सोय आहे का. काही ट्रायलमध्ये असते, काहींत नसते.

‘सगळं संपलं की ट्रायल’ हा समजही तुमच्या पत्रात डोकावतो. बऱ्याच ट्रायल नुकतंच निदान झालेल्यांसाठी असतात. एवढंच काय, आजार अजून सुप्त आहे अशांसाठीही असतात. बहुतेक ठिकाणी अगदी थकलेल्या रुग्णाला घेतच नाहीत. किडनी, प्लेटलेट, चालण्याफिरण्याची ताकद, सगळं पाहतात. आजार मोजता येण्याइतकाही असावा लागतो; लाइट चेनसाठी साधारण लिटरमागे १०० मिलिग्रॅम ही रेषा धरतात. डॉक्टरांनी बाबांचं नाव काढलं, यात बाबांची तब्येत अजून धडधाकट आहे हेही आलं.

आता औषधाविषयी, कारण तुमची खरी अडचण इथूनच उलगडते. बायस्पेसिफिक अँटिबॉडी एका हातानं मायलोमाची पेशी पकडते आणि दुसऱ्या हातानं शरीरातली टी पेशी ओढून तिच्याशी भिडवते. मग टी पेशी तिला मारते. या गटातलं टेक्लिस्टामॅब २०२२ साली अमेरिकेत मंजूर झालं. त्याच्या १६५ रुग्णांच्या ट्रायलमध्ये, बरेच उपचार करून थकलेल्या लोकांत, ६३ टक्क्यांना गुण आला. त्याच वेळी ७२ टक्क्यांना सायटोकाइन रिलीज सिंड्रोम झाला, म्हणजे चेतवलेल्या टी पेशींमुळे येणारा ताप आणि कधी उतरणारं ब्लडप्रेशर. जवळजवळ सगळ्यांत तो सौम्य होता. मला जास्त काळजी दुसऱ्या आकड्याची वाटते. ७६ टक्क्यांना कुठला ना कुठला संसर्ग झाला, आणि एकूण रुग्णांपैकी ४५ टक्क्यांत तो गंभीर होता. पहिल्या आठवड्यातला ताप डॉक्टर पाहतात, कारण रुग्ण त्यांच्या डोळ्यांसमोर असतो. न्यूमोनिया पाचव्या महिन्यात घरी येतो. तो कसा टाळणार, इम्युनोग्लोब्युलिन (संसर्गाशी लढणारी तयार प्रथिनं) देणार का, कोणत्या गोळ्या कायम घ्यायच्या, कोणत्या लसी आधी घ्यायच्या, हे विचारल्याशिवाय उठू नका.

पहिले डोस लहान देऊन टप्प्याटप्प्यानं वाढवतात आणि त्या दिवसांत रुग्णाला बहुधा हॉस्पिटलातच ठेवतात. तिथे ताप-बीपीबरोबर मेंदूवरही लक्ष ठेवतात. नर्स येऊन विचारते: हे साल कोणतं, महिना कोणता, आपण कुठे आहोत. पेन, घड्याळ, बटण दाखवून नावं विचारते. शंभरापासून दहा-दहा कमी करत उलटं मोजायला सांगते. आणि एक वाक्य लिहून घेते, रोज तेच वाक्य. कालच्या ओळीखाली आजची ओळ. अक्षर डगमगलं, ओळ तिरकी घसरली, की डॉक्टर सावध होतात, कारण मेंदूवरचा परिणाम कधीकधी बोलण्याआधी अक्षरात दिसतो.

आता कल्पना करा, बाबा त्या खाटेवर आहेत. त्यांना वाटतंय की हाडांच्या ठिसूळपणाचं इंजेक्शन घ्यायला आलोय, आणि कुणीतरी दर काही तासांनी येऊन साल विचारतंय, वाक्य लिहून घेतंय. त्यांना काय सांगाल? घरी आल्यावर रात्री कणकण वाटली, तर ती लगेच सांगायची हे त्यांना कळायला हवं. ‘उगाच पोरांची झोप कशाला मोडा’ म्हणून ताप लपवणारा माणूस या उपचारात धोक्यात येतो. म्हणजे बाबांना खरं सांगायचं ते संमतीपत्राची औपचारिकता म्हणून नव्हे, औषध सुरक्षितपणे घ्यायचं तर त्यावाचून चालणारच नाही.

खरं तर मला शंका आहे की हे गुपित किती शिल्लक आहे. ज्या माणसाचं स्टेम सेल ट्रान्सप्लांट झालं, केस गेले, जो आठवड्यामागून आठवडे डे केअरच्या खुर्चीत बसून शेजारच्यांच्या गप्पा ऐकत आला, त्यानं चार वर्षांत काहीच ताडलं नसेल? माझा अंदाज चुकीचाही असेल. तुम्ही त्यांना ओळखता, मी नाही. पण ‘बाबा खचतील’ हे गृहीत धरायच्या आधी त्यांना एक प्रश्न विचारून बघा: ‘बाबा, तुमच्या आजाराबद्दल डॉक्टर जे बोलतात, ते तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?’ मग गप्प बसा. लगेच समजूत घालू नका. ते ‘सगळं’ म्हणतील, ‘थोडं’ म्हणतील, कदाचित ‘मला माहीत आहे’ म्हणतील. कदाचित चिडतील, चार वर्षं लपवलंत म्हणून. ते सोसावं लागेल.

‘तुम्हीच ठरवा, मला नका सांगू’ असं म्हणाले तर? विचार करायचं काम ते तुमच्यावर सोपवू शकतात. चौकशी करा, कागद वाचा, प्रश्न विचारा, आणि मग मोजक्या शब्दांत त्यांना सांगा. तरीही ट्रायलसाठी आजाराचं नाव, उपचाराचे धोके, दुसरे पर्याय आणि माघारीचा हक्क एवढं त्यांना डॉक्टरांकडून कळायलाच हवं. तेवढंही ऐकायचं नसेल, तर ट्रायल त्यांच्यासाठी नाही, आणि तिथे विषय संपवा. बाहेर उपचार आहेत. ट्रायल नाकारली म्हणजे हात टेकले असं होत नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या तोंडावर नाराजी दिसली तरी नाही.

नाव सांगायचं काम डॉक्टरांना करू द्या, तुम्ही शेजारी बसा. भेटीआधी त्यांच्या कानावर घाला की घरात आजवर हा शब्द उच्चारलेला नाही, म्हणजे ते एकदम कागद पुढे करणार नाहीत. वेगळी वेळ मागा. गर्दीच्या ओपीडीत दोन रुग्णांच्या मधे हे बोलणं व्हायला नको. मायलोमा बहुतेकांत पूर्ण बरा होत नाही, पण वर्षानुवर्षं दाबून ठेवता येतो. ही दोन्ही वाक्यं बाबांना एकाच बैठकीत ऐकायला मिळाली पाहिजेत. पहिलं सांगून दुसरं उद्यावर टाकलं, तर मधली रात्र फार वाईट जाते.

संमतीपत्र घरी न्यायला मिळतं, मागून घ्या, बाबांना वाचता येईल त्या भाषेतलं. ते जाडजूड असतं आणि लोक पहिल्या तीन पानांतच दमतात. माझा सल्ला विचाराल तर मागून सुरुवात करा. बहुतेक कागदांत शेवटाकडे एक तक्ता असतो: वर भेटींचे दिवस, डाव्या बाजूला तपासण्या, आणि चौकटींत फुल्या. त्यातल्या ‘बोन मॅरो’च्या ओळीत फुल्या किती आहेत ते मोजा. पहिल्या दोन महिन्यांत हॉस्पिटलच्या फेऱ्या किती, रात्री मुक्काम किती, ते मोजा. कोण सोबत जाणार, कुणाची रजा, बाबांना तेवढा प्रवास झेपेल का, हा हिशेब त्या एका पानावर होतो. ट्रायलमध्ये देखरेख चांगली असते असं म्हणतात, आणि ते खरं आहे. पण ती देखरेख म्हणजेच जास्तीच्या सुया आणि फेऱ्या, हेही तेवढंच खरं.

मग पैशांचा भाग वाचा. नवं औषध सहसा ट्रायल चालवणारे देतात. सोबतची नेहमीची औषधं, स्कॅन, मुक्काम, प्रवास यांचं प्रत्येक ट्रायलमध्ये वेगळं असतं. औषधामुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कुणाकडून, हे लेखी असलं पाहिजे. औषध लागू पडलं आणि ट्रायल संपली, तर ते पुढे मिळत राहणार का, हे पण.

एक प्रश्न लोक विसरतातच: यामुळे पुढची कोणती दारं बंद होतील? बायस्पेसिफिक औषधं मायलोमाच्या पेशीवरची वेगवेगळी खूण शोधतात. टेक्लिस्टामॅब आणि एलरानाटामॅब बीसीएमए नावाची खूण शोधतात, टालक्वेटामॅब दुसरी. बीसीएमएवरचं औषध आज घेतलं, तर त्याच खुणेवरचा कार-टी उपचार नंतर कमी लागू पडू शकतो, आणि काही ट्रायलमध्ये प्रवेशही मिळत नाही. म्हणून क्रम काय ठेवायचा यावर या ट्रायलशी संबंध नसलेल्या एका मायलोमा तज्ज्ञाचं मत घ्या. तुमचे डॉक्टर वाईट म्हणून नाही. ते एकाच वेळी बाबांचे डॉक्टर आणि ट्रायलचे संशोधक आहेत, आणि चांगल्या डॉक्टरला दुसरं मत घेतल्याचा राग येत नाही.

वेळ किती आहे? नुसता आकडा चढतोय आणि त्रास नाही, तेव्हा विचार करायला सहसा थोडी सवड मिळते. नेमकी किती, हे डॉक्टरांनाच विचारा, कारण बाबांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत. या काळात दुसरीकडे कुठे परस्पर स्टेरॉइड सुरू होऊ देऊ नका. त्यानं आकडे उतरून ट्रायलचा प्रवेश अडू शकतो. पाठीत नव्यानं कळ आली, पाय लटपटू लागले, लघवी कमी झाली, फार तहान, बद्धकोष्ठता किंवा गुंगी दिसली, तर ट्रायलचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

राहिला तुमचा ता. क. भावाला नाव नोंदवून मग सांगायचं? नको. बाबांशी बोलायच्या आधी त्याच्याशी बोला, आणि ट्रायल हा विषयच काढू नका. ‘बाबांना सांगायचं की नाही’ एवढंच बोला. त्याला डॉक्टरांच्या त्या भेटीला यायला सांगा आणि त्याचे आक्षेप कागदावर लिहून आणायला सांगा. दुसऱ्या गटाचे उपचार कमजोर तर नाहीत, इजेची भरपाई कुणाची, मधेच सोडता येतं का, हे प्रश्न तुमच्यापेक्षा तो जास्त नेटानं विचारेल. तो आलाच नाही, तर बाबांना घेऊन तुम्ही जा.